‘रेड स्पेशल’ची अल्पखर्ची प्रतिकृती : अनुकरण नेमके कशाचे?

सारांश

आवडत्या वादकाच्या इलेक्ट्रिक गिटारसारखी गिटार कमी खर्चात स्वतः घडवण्याची हौस जगभर आढळते. ‘क्वीन’ या ब्रिटिश वाद्यवृंदातील गिटारवादक ब्रायन मे यांची ‘रेड स्पेशल’ ही गिटार या संदर्भात विशेष अभ्यासनीय ठरते, कारण मूळ वाद्यच घरी, टाकाऊ साहित्यातून आणि अत्यल्प खर्चात घडवलेले आहे. प्रस्तुत लेखात या वाद्याची घडण, त्यामागील भौतिकी आणि अल्पखर्ची प्रतिकृती तयार करताना कोणते घटक जसेच्या तसे राखावेत व कोणते सोडून द्यावेत, याचे विवेचन केले आहे. मूळ वाद्याच्या बाह्यरूपापेक्षा त्याची मापे, विद्युत जोडणी आणि निर्मात्याची विचारपद्धती यांचे अनुकरण अधिक फलदायी ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : इलेक्ट्रिक गिटार, रेड स्पेशल, प्रतिकृती, पडद्यांची मांडणी, एकसर जोडणी, हस्तव्यवसाय.

१. प्रस्तावना

वाद्य आणि वादक यांचे नाते रसिकांच्या मनात इतके घट्ट असते की एकाचे नाव घेताच दुसरे आठवते. अशा वेळी चाहत्याला त्या वाद्यासारखेच वाद्य आपल्याही हाती असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नामांकित वाद्य विकत घेणे बहुसंख्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. त्यामुळे बाजारातील स्वस्त नक्कल विकत घेणे किंवा स्वतःच्या हातांनी प्रतिकृती घडवणे, असे दोन मार्ग उरतात. यांपैकी दुसऱ्या मार्गाचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रतिकृती म्हणजे नेमके काय, हा प्रश्न येथे आरंभीच उपस्थित होतो. रंग, आकार आणि बटणांची जागा जुळली म्हणजे प्रतिकृती झाली, की आवाज जुळला पाहिजे? आणि आवाज जुळवायचा असेल, तर तो वाद्याच्या कोणत्या भागातून येतो हे आधी समजून घ्यावे लागत नाही काय? या प्रश्नांची उत्तरे न शोधता केलेला खर्च, मग तो कितीही कमी असो, बहुधा वाया जातो. रेड स्पेशलचे उदाहरण या प्रश्नांचा उलगडा करण्यास विशेष उपयुक्त आहे.

मराठी वाचकाला ‘क्वीन’चा एक धागा जवळचा आहे. या वाद्यवृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजेच फारुख बलसारा, यांचे शालेय शिक्षण १९५० च्या दशकात पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये झाले आणि तेथेच ‘द हेक्टिक्स’ या शालेय वाद्यवृंदात ते प्रथम वाजवू लागले. पुढे १९७० मध्ये लंडनमध्ये ‘क्वीन’ची स्थापना झाली तेव्हा मर्क्युरी यांच्या आवाजाला साथ देणारी गिटार ही एका शाळकरी मुलाने वडिलांच्या मदतीने घरी बनवलेली होती.

२. मूळ वाद्याची निर्मिती

ब्रायन मे यांचा जन्म १९ जुलै १९४७ रोजी मिडलसेक्स परगण्यातील हॅम्प्टन येथे झाला. त्यांचे वडील हॅरल्ड मे इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातील अभियंते होते आणि घरातील अनेक वस्तू स्वतः बनवणारे कुशल हौशी कारागीर होते. फेंडर किंवा गिब्सन या अमेरिकी कंपन्यांची गिटार विकत घेणे कुटुंबाला परवडणारे नव्हते. म्हणून ऑगस्ट १९६३ मध्ये, ब्रायन सोळा वर्षांचे असताना, पितापुत्रांनी गिटार घडवण्यास प्रारंभ केला. हे काम सुमारे दोन वर्षे चालले. एकूण खर्च म्हणून ८ पौंड हा आकडा वारंवार सांगितला जातो.

साहित्याची यादी पाहिली तर ती एखाद्या अडगळीच्या खोलीची वाटावी. दांडीसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीतील महोगनी वापरण्यात आली. लाकूड पोखरणाऱ्या किडीने त्यात छिद्रे पाडली होती, ती आगकाड्यांनी बुजवण्यात आली. मुख्य अंगासाठी जुन्या टेबलाचे ओक लाकूड आणि ब्लॉकबोर्ड घेऊन त्यावर महोगनीचे पातळ व्हेनिअर चढवले. पडद्यांच्या जागा दाखवणारे ठिपके आईच्या शिवणपेटीतील शिंपल्याच्या बटणांपासून तयार झाले. स्वरकंप देणाऱ्या यंत्रणेतील दोन स्प्रिंगा १९२८ सालच्या ‘पँथर’ मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या होत्या. तिचा हात सायकलच्या सीटमागील पिशवी अडकवण्याच्या सळईचा होता आणि त्याचे टोक विणकामाच्या सुईचे.

ही यादी अनेकदा गंमत म्हणून सांगितली जाते. परंतु तिच्यामागील दृष्टी अधिक महत्त्वाची आहे. पितापुत्रांनी वस्तू स्वस्त आहे म्हणून वापरली नाही, तर हवा असलेला गुणधर्म त्या वस्तूत आहे म्हणून वापरली. शेकोटीची महोगनी अनेक दशके सुकलेली असल्यामुळे पुढे वाकण्याची शक्यता कमी होती. मोटारसायकलची स्प्रिंग मोठा भार सतत झेलण्यासाठीच बनवलेली असते. बाजारातून काय आणावे, याचा निर्णयही त्याच कसोटीवर झाला. ब्रायन यांनी पिकअप प्रथम स्वतः बनवले होते. पण तार बाजूला खेचून स्वर चढवताना ती चुंबकाच्या एका ध्रुवावरून दुसऱ्यावर सरके आणि नको तो खरखराट उमटे. तेव्हा घरगुती पिकअपचा हट्ट सोडून त्यांनी ‘बर्न्स’ कंपनीचे तीन ‘ट्राय-सॉनिक’ पिकअप विकत आणले आणि त्यांतील गुंडाळ्या ॲरल्डाइटमध्ये बसवून घट्ट केल्या. त्यामुळे मोठ्या आवाजात गुंडाळ्या स्वतःच थरथरून किंचाळण्याचा दोष कमी झाला.

या घडणीची आणखी एक बाजू आहे. मुलाला हत्यारे हाताळण्यास शिकवणाऱ्या हॅरल्ड यांना, त्याच मुलाने १९७४ मध्ये इंपीरियल कॉलेजमधील खगोलभौतिकीचे संशोधन अर्धवट सोडून संगीताकडे वळावे, हे रुचले नव्हते. स्वतःच घडवलेल्या वाद्याने मुलाला विद्यापीठापासून दूर नेले, असा हा विचित्र योग होता. पुढे वडिलांचा विरोध मावळला. अर्धवट राहिलेला प्रबंध ब्रायन मे यांनी २००७ मध्ये पूर्ण केला व त्यांना पीएच.डी. मिळाली. सूर्यमालेतील धूलिकणांच्या गतीविषयीचा हा प्रबंध आणि ही गिटार या दोहोंत मोजमापाची एकच शिस्त आहे, असे म्हणता येईल.

३. सादृश्याच्या तीन पातळ्या

प्रतिकृतीचा विचार करताना सादृश्याच्या तीन पातळ्या वेगळ्या करणे आवश्यक ठरते. पहिली पातळी रूपाची : गडद तांबूस रंग, दोन शिंगांचा गोलसर आकार, काळी पट्टी, सहा सरकत्या बटणांची रांग. दुसरी पातळी कार्याची : तारेची लांबी, पडद्यांची संख्या, पिकअपची जागा व जोडणी, कंपयंत्रणेचे वर्तन. तिसरी पातळी साहित्याची : तीच महोगनी, तोच ओक, तीच स्प्रिंग.

हौशी कारागीर बहुधा पहिल्या पातळीपासून प्रारंभ करतो आणि तिसऱ्या पातळीच्या मोहात पडतो. ब्रिटनमधील जुनी शेकोटी शोधून महोगनी मिळवणे हा निष्ठेचा भाग झाला, त्याने आवाजात किती फरक पडेल हा वेगळा प्रश्न आहे. भरीव किंवा अंशतः पोकळ इलेक्ट्रिक गिटारचा आवाज प्रामुख्याने तारेच्या कंपनातून आणि पिकअपने ते कोठून व कसे टिपले यातून घडतो. म्हणून अल्पखर्ची प्रतिकृतीत दुसरी पातळी काटेकोरपणे पाळावी, पहिली यथाशक्ती साधावी आणि तिसरीचा आग्रह सोडावा, हे तत्त्व इष्ट ठरते. पुढील विवेचन या तत्त्वाला धरून आहे.

४. तारेची लांबी व पडद्यांची मांडणी

रेड स्पेशलमधील मोकळ्या तारेची लांबी २४ इंच, म्हणजे ६०९.६ मिलिमीटर आहे. फेंडर पद्धतीच्या प्रचलित गिटारमध्ये ती २५.५ इंच असते. फरक दीड इंचाचा दिसला तरी परिणाम मोठा आहे. एकच तार एकाच स्वरात जुळवायची असेल, तर ताण हा लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २४ आणि २५.५ यांच्या गुणोत्तराचा वर्ग सुमारे ०.८९ येतो, म्हणजेच तारेवरील ताण जवळजवळ ११ टक्क्यांनी कमी होतो. तार बोटाखाली मऊ लागते आणि खेचून स्वर चढवणे सोपे जाते. मे यांच्या वादनातील लांबवलेल्या, गाणाऱ्या स्वरांना हे माप अनुकूल आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या २५.५ इंची दांडीवर तोच रंग आणि तेच पिकअप बसवले, तरी हाताला येणारा हा अनुभव मिळत नाही.

पडद्यांच्या जागा ठरवण्याचा नियम साधा आहे. सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या स्वरव्यवस्थेत प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीचा १७.८१७ वा भाग कमी करतो. ६०९.६ ला १७.८१७ ने भागले असता ३४.२ मिलिमीटर येतात. हे दांडीच्या टोकाकडून पहिल्या पडद्याचे अंतर झाले. पाचवा पडदा १५२.९, सातवा २०२.७, बारावा बरोबर मध्यावर म्हणजे ३०४.८ आणि चोविसावा ४५७.२ मिलिमीटरवर येतो. रेड स्पेशलला चोवीस पडदे आहेत, त्यामुळे प्रत्येक तारेवर दोन पूर्ण सप्तके मिळतात.

सतारीचे पडदे सरकवता येतात, त्यामुळे रागानुसार स्वर जुळवून घेण्याची सोय असते. गिटारचे पडदे मात्र एकदा बसले की कायमचे. म्हणून येथील चूक दुरुस्त होत नाही. विशेष सावधगिरी एकाच बाबतीत हवी : प्रत्येक पडद्याचे अंतर टोकापासूनच मोजावे, आधीच्या पडद्यापासून मोजू नये. आधीच्या पडद्यापासून मोजताना दर वेळी केवळ ०.१ मिलिमीटरची एकाच दिशेची चूक झाली, तरी चोविसाव्या पडद्यापर्यंत ती २.४ मिलिमीटर होते. तेथे उरलेली तार १५२.४ मिलिमीटरच असल्यामुळे स्वर अर्ध्या स्वरांतराच्या चौथ्या भागाहूनही अधिक ढळतो. हा बेसूरपणा कोणताही पिकअप झाकू शकत नाही.

दांडी स्वतः घडवणे शक्य नसेल, तर २४ इंच मापाच्या तयार दांड्या मिळतात. फेंडरच्या ‘जॅग्वार’ आणि ‘मस्टँग’ या गिटार याच मापाच्या आहेत. त्या पद्धतीच्या दांडीला सामान्यतः २२ पडदे असतात. वरचे दोन पडदे गमावून माप राखणे ही समजूतदार तडजोड होय. चोवीस पडद्यांसाठी माप बदलणे हा मात्र तोट्याचा सौदा ठरेल.

५. लाकूड आणि पोकळी

रेड स्पेशल बाहेरून भरीव वाटली तरी तिच्या अंगात पोकळी ठेवलेली आहे. ध्वनिवर्धकातून आलेल्या आवाजाने वाद्य पुन्हा कंप पावावे आणि स्वर दीर्घकाळ टिकावा, असा पितापुत्रांचा हेतू होता. वरच्या बाजूस व्हायोलिनसारखे छिद्र पाडण्याचा मूळ बेत होता, पण ते कधीच पाडले गेले नाही. प्रतिकृतीत ही पोकळी ठेवण्यास जवळजवळ खर्च येत नाही. मधला भाग, ज्यावर दांडी, पिकअप आणि घोडी बसतात, तो भरीव ठेवून एका बाजूस कोरीव पोकळी करावी आणि वरून पातळ प्लाय व व्हेनिअर चिकटवावे. भरीव मध्यभागामुळे तारांचा ताण पेलला जातो आणि पोकळीमुळे वजनही घटते.

लाकडाच्या निवडीत जुने, पूर्ण सुकलेले लाकूड हा निकष लाकडाच्या जातीपेक्षा अधिक मोलाचा आहे. आपल्याकडे जुन्या घरांच्या पाडकामातून निघणारे सागवान या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. त्यातील नैसर्गिक तेलामुळे डिंक नीट धरत नाही, म्हणून चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग घासून व द्रावकाने पुसून घ्यावा लागतो. त्यातील वाळूसदृश कणांमुळे हत्यारांची धारही लवकर जाते. टाकाऊ लाकडाच्या वापराला पर्यावरणीय कारणही आहे. मोठ्या पानांची महोगनी २००३ पासून आणि शिसवाची संपूर्ण प्रजाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सवलत मिळाली असली, तरी या लाकडांवरील ताण संपलेला नाही. शेकोटीची फळी वापरणाऱ्या मे पितापुत्रांची काटकसर आज जबाबदारीचे वर्तन ठरते.

६. पिकअप आणि विद्युत जोडणी

रेड स्पेशलचे खरे वैशिष्ट्य तिच्या जोडणीत आहे आणि सुदैवाने तेच अनुकरण सर्वांत कमी खर्चाचे आहे. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने गुंडाळीत विद्युतदाब निर्माण होतो. तीन पिकअप असलेल्या प्रचलित गिटारमध्ये ते समांतर जोडलेले असतात आणि एका खटक्याने पाच ठरावीक स्थिती निवडता येतात. रेड स्पेशलमध्ये ते एकसर जोडलेले आहेत आणि प्रत्येक पिकअपसाठी दोन स्वतंत्र बटणे आहेत : एक चालू-बंद करण्यासाठी, दुसरे कला उलटी करण्यासाठी.

एकसर जोडणीत दोन पिकअपचे विद्युतदाब एकत्र येतात. तसेच एकूण स्वयंप्रवर्तन वाढल्यामुळे संस्पंदनाची वारंवारता खाली येते. परिणामी आवाज अधिक जोरकस आणि भरदार होतो. घोडीजवळचा व मधला पिकअप एकाच कलेत चालू ठेवणे, ही मे यांची नित्याची स्थिती आहे.

कला उलटी केल्यावर काय घडते, हे समजण्यासाठी तारेच्या कंपनाकडे पाहावे लागते. मूलस्वरात संपूर्ण तार एकाच दिशेने हलते, त्यामुळे सर्व पिकअपना तो एकाच कलेत मिळतो. एका पिकअपची जोडणी उलटी केली की मूलस्वर मोठ्या प्रमाणात वजा होतो. वरच्या उपस्वरांत मात्र तार अनेक भागांत विभागून कंप पावते आणि दोन पिकअपखालील भाग परस्परविरुद्ध दिशेने हलू शकतात. असे उपस्वर उलट्या जोडणीत वजा होण्याऐवजी वाढतात. त्यातून पातळ, अनुनासिक, माणसाच्या आवाजाकडे झुकणारा ध्वनी मिळतो.

एकूण स्थिती किती, हे गणिताने काढता येते. एकच पिकअप चालू असल्यास ३ स्थिती, कारण तेथे कलेने ऐकू येणारा फरक पडत नाही. दोन चालू असल्यास ३ जोड्या आणि प्रत्येकीच्या २ परस्परकला, म्हणजे ६. तिन्ही चालू असल्यास ४. एकूण १३ भिन्न ध्वनी केवळ सहा साध्या सरकत्या बटणांतून मिळतात. अशी बटणे इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात अत्यल्प किमतीत मिळतात.

जोडणी करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एकसर मंडलात पिकअप बंद करणे म्हणजे तार तोडणे नव्हे. तसे केल्यास संपूर्ण वाद्य मुके होईल. बंद स्थितीत बटणाने त्या पिकअपच्या दोन टोकांना थेट जोडून त्याला वळसा द्यावा लागतो. दुसरे असे की एकेरी गुंडाळीचे पिकअप विजेच्या तारांतील गुणगुण टिपतात. मधल्या पिकअपची गुंडाळी व चुंबकध्रुव दोन्ही उलटे असतील, तर त्याच्याबरोबर एक पिकअप चालू असताना ही गुणगुण कटते, पण कला उलटी करताच ती पुन्हा ऐकू येते. पोकळीला आतून तांब्याचा पत्रा लावून तो घोडीसह भूतारेला जोडणे, हा यावरील स्वस्त उपाय आहे. ध्वनिवर्धकाची भूजोडणी नीट असल्याची खात्री वादनापूर्वी करणे हा मात्र सुरक्षिततेचा प्रश्न आहे, तेथे काटकसरीला जागा नाही.

७. कंपयंत्रणा

स्वरकंप देणारी यंत्रणा हा प्रतिकृतीतील सर्वांत अवघड भाग होय. हात दाबताच तारा सैल पडाव्यात आणि सोडताच त्या अचूक मूळ स्वरावर परताव्यात, ही अपेक्षा असते. या परतीच्या वाटेतील प्रमुख शत्रू घर्षण आहे. मे पितापुत्रांनी घर्षणाच्या प्रत्येक जागेचा स्वतंत्र विचार केला. पोलादी पत्रा सुरीच्या धारेसारख्या कडेवर टेकवला, त्यामुळे बिजागरी जवळजवळ घर्षणरहित झाली. घोडीवर प्रत्येक तारेखाली छोटे फिरते रूळ बसवले. दांडीच्या टोकाशी नेहमीच्या खाचेऐवजी शून्याचा पडदा दिला आणि खुंट्यांचा माथा फार न झुकवल्यामुळे तारा तेथे जवळजवळ सरळ जातात.

०.००९ इंच जाडीपासून सुरू होणाऱ्या हलक्या तारांचा संच या मापाच्या वाद्यावर चढवला, तर सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ३४ किलोग्रॅम वजनाच्या भाराइतका होतो. तो दोन स्प्रिंगांनी तोलून धरायचा असतो. हा तोल घरच्या घरी साधण्याइतकी साधने नसतील, तर तयार कंपयंत्रणा विकत घेणे श्रेयस्कर. तसे करतानाही शून्य पडदा, सरळ माथा आणि रूळांची घोडी हे तीन घटक राखता येतात आणि यंत्रणेच्या कार्याचा मोठा भाग त्यांतच आहे. किंबहुना प्रारंभिक प्रयत्नात घोडी स्थिर ठेवून पुढे यंत्रणा बसवण्याची जागा मोकळी सोडणे, हेही योग्यच ठरेल.

८. खर्चाचे नियोजन

वरील विवेचनावरून खर्चाचा क्रम आपोआप ठरतो. दांडी व पडदे यांवर वेळ आणि पैसा दोन्ही खर्च करावेत, कारण तेथील दोष वाद्य निरुपयोगी करतो. त्याखालोखाल घोडी व खुंट्या येतात. पिकअप मध्यम किमतीचे चालतात, कारण ते नंतर बदलता येतात. बटणे, नियंत्रक आणि तारा यांवरील खर्च किरकोळ असतो. एकेरी गुंडाळीच्या पिकअपसाठी सामान्यतः २५० किलोओहमचा नियंत्रक वापरतात. रंग, व्हेनिअर आणि ठिपके यांवरील खर्च सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांतून करावा.

ज्याच्याकडे लाकूडकामाची साधने मुळीच नाहीत, त्याच्यासाठीही एक पायरी आहे. तीन एकेरी पिकअपची जुनी, स्वस्त गिटार घेऊन तिच्यातील समांतर जोडणी काढावी आणि सहा बटणांची एकसर जोडणी करावी. रूपाने ती रेड स्पेशलसारखी मुळीच दिसणार नाही. पण तेरा ध्वनींची ती व्यवस्था तिच्यात असेल, म्हणून कार्याच्या दृष्टीने ती केवळ रंगाने जुळणाऱ्या नकलेपेक्षा मूळ वाद्याच्या अधिक निकट असेल.

व्यावसायिक प्रतिकृतींचा इतिहासही येथे पाहण्यासारखा आहे. १९८० च्या दशकात ‘गिल्ड’ या अमेरिकी कंपनीने मे यांच्या सहकार्याने अशी गिटार बाजारात आणली. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील वाद्यकार ग्रेग फ्रायर यांनी मूळ वाद्याची सूक्ष्म मापे घेऊन प्रतिकृती घडवल्या आणि १९९८ मध्ये मूळ गिटारची डागडुजी त्यांच्याच हाती सोपवण्यात आली. नक्कल करता करता मिळालेले ज्ञान मूळ वस्तूच्या जतनास उपयोगी पडावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. मे यांच्या नावाने अधिकृत कारखानानिर्मित गिटारही विकल्या जातात. म्हणून स्वतःच्या वापरासाठी केलेल्या प्रतिकृतीवर कोणत्याही कंपनीचे बोधचिन्ह लावू नये आणि ती मूळ म्हणून विकू नये, ही मर्यादा पाळणे अगत्याचे आहे.

९. वाद्याबाहेरील घटक

प्रतिकृती पूर्ण झाल्यावर अनेकांची निराशा होते, कारण ध्वनिमुद्रिकेतील आवाज तिच्यातून निघत नाही. याचे कारण वाद्याबाहेर शोधावे लागते. मे ‘व्हॉक्स एसी-३०’ हा निर्वात नळ्यांचा ध्वनिवर्धक वापरतात आणि त्याआधी उंच स्वर वाढवणारे छोटे उपकरण जोडतात. आयरिश गिटारवादक रॉरी गॅलाघर यांच्या प्रभावातून ही जोडी त्यांनी स्वीकारली. स्टुडिओतील अनेक थरांच्या वादनासाठी क्वीनचे बासवादक जॉन डीकन यांनी मोडीत टाकलेल्या सर्किटपासून बनवलेला लहानसा ध्वनिवर्धकही वापरला गेला. तारा छेडण्यासाठी मे लवचीक प्लॅस्टिकऐवजी सहा पेन्सचे जुने ब्रिटिश नाणे वापरतात. त्याच्या दातेरी कडेमुळे स्वराच्या आरंभी किंचित खरखर येते.

या साखळीतील प्रत्येक दुवा आवाज घडवतो. आणि अखेरचा दुवा वादकाची बोटे हा आहे. त्याची प्रतिकृती करता येत नाही, केवळ रियाज करता येतो.

१०. शैक्षणिक उपयुक्तता

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने हा प्रकल्प विचारात घेण्यासारखा आहे. पडद्यांची मांडणी ही भूमितीय श्रेणीचे जिवंत उदाहरण आहे. पिकअपची जोडणी करताना प्रवर्तन, कला आणि संस्पंदन या संकल्पना कानाने पडताळता येतात. बारा समान भागांची स्वरव्यवस्था आणि श्रुतींची परंपरा यांतील भेद संगीताचा विद्यार्थी प्रत्यक्ष वाद्यावर दाखवू शकतो. खर्चाचा आराखडा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याकडे सोपवता येतो. भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा आणि संगीताचा वर्ग एकाच इमारतीत असूनही त्यांची क्वचितच गाठ पडते. अशा एका वाद्यावर दोन्हीकडचे विद्यार्थी एकत्र बसू शकतात.

यात एक अडचणही आहे. अशा प्रकल्पात चूक दिसते आणि ऐकूही येते. चुकीच्या जागी बसलेला पडदा गुणपत्रिकेत लपवता येत नाही. परीक्षाकेंद्रित व्यवस्थेत वाढलेल्या विद्यार्थ्याला हे जड जाते. परंतु आपल्या कामाची कसोटी परीक्षकाच्या शेऱ्याऐवजी स्वतःच्या कानाने घेण्याची ही संधी त्याला अन्यत्र सहसा मिळत नाही. त्यासाठी पहिला प्रयत्न फसला तरी चालेल, एवढा वेळ आणि तेवढे टाकाऊ लाकूड संस्थेने उपलब्ध करून देणे आवश्यक आहे.

११. निष्कर्ष

रेड स्पेशलच्या अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, इलेक्ट्रिक गिटारची अल्पखर्ची प्रतिकृती करताना तारेची लांबी, पडद्यांची अचूकता आणि पिकअपची जोडणी यांना अग्रक्रम द्यावा. दुसरा, मूळ साहित्याचा आग्रह खर्च वाढवतो, पण आवाजात त्या प्रमाणात भर घालत नाही. तिसरा, मूळ वाद्यातील वस्तू त्या काळी त्या घरात उपलब्ध होत्या म्हणून आल्या. ज्या घरात प्रतिकृती घडते तेथील उपलब्ध वस्तूंकडे त्याच दृष्टीने पाहणे हेच त्या वाद्याशी अधिक इमान राखणारे आहे.

३ जून २००२ रोजी ब्रिटनच्या राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ब्रायन मे यांनी बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून राष्ट्रगीत वाजवले, तेव्हा त्यांच्या हाती हीच गिटार होती. तिच्यात अद्याप शेकोटीचे तेच लाकूड होते आणि बुजवलेल्या छिद्रांत त्याच आगकाड्या होत्या. तिची प्रतिकृती करू पाहणाऱ्याने आपल्या अडगळीच्या खोलीपासूनच प्रारंभ करावा. मात्र हातात करवत घेण्यापूर्वी मोजपट्टी घ्यावी.